डावीकडे सरकवा

कात्री हातात घेतली की आधी हवेत तीनदा वाजवायची. केस नंतर.

टॉवेल धुऊन, वाळवून, घडी करून ठेवलेला असला तरी झटकायचा.

गिऱ्हाइकाचा चष्मा काढून स्वतःच्या वरच्या खिशात ठेवायचा. संध्याकाळी खिशात एखादा उरतोच.

रेडिओ सकाळी लावायचा आणि बातम्या सुरू झाल्या की बारीक करायचा. बातम्या गिऱ्हाइकं घेऊन येतातच.

कुणाशीही बोलायचं ते आरशात बघून. माणूस हाताच्या अंतरावर बसलेला असला तरी.

आणि आपल्या स्वतःच्या केसांचा विषय निघाला की समोरच्याची मान खाली दाबायची. "जरा खाली बघा, मागचं काढतो." मान खाली गेलेला माणूस पुढचं विचारत नाही.

ही शेवटची सवय नवी होती. सात महिन्यांची.

वय त्रेसष्ट, पण सगळी गल्ली त्यांना 'धाकटे' म्हणायची. कारण थोरले होते. दुकान दोघा भावांचं. एक लांबट खोली, एका भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत आरसा, आरशासमोर दोन खुर्च्या. दाराजवळची थोरल्यांची, आतली धाकट्यांची. चाळीस वर्षं दोघे आपापल्या खुर्चीमागे उभे राहिले आणि एकमेकांशी जे काही बोलले ते आरशात.

"दादा, तुरटी?"

"संपली."

कधी कधी दिवसभरात एवढंच. पण आरशात डोळे मिळायचे. एखादं गिऱ्हाईक थापा मारायला लागलं की थोरल्यांची डावी भुवई किंचित वर जायची. मग धाकट्यांना कात्री थांबवून खोकावं लागायचं. गिऱ्हाइकाला वाटायचं, सर्दी झालीय.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुकान बंद असायचं. त्या दिवशी थोरले धाकट्यांचे केस कापायचे, धाकटे थोरल्यांचे. केस कापणारा माणूस आपलं डोकं असंतसं कुणाच्या हाती देत नाही. त्याला आतल्या गोष्टी माहीत असतात.

मग थोरल्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी कपातला चहा सांडला, मग फेसाचा ब्रश हलला. एक दिवस एका गिऱ्हाइकाच्या कानामागे वस्तरा लागला. फार नाही. तुरटी लावली, रक्त थांबलं, गिऱ्हाईक म्हणालं, "असू द्या हो." थोरल्यांनी वस्तरा पुसला, मिटला, पेटीत ठेवला आणि पुन्हा काढला नाही. महिन्याभरात त्यांचा मुलगा आला आणि त्यांना आपल्याकडे घेऊन गेला. विमानानं सात तास.

तिथं जाऊन थोरले गप्प झाले. दुकानातल्या जुन्या, वायरीच्या फोनवर बोलणं व्हायचं.

"बरा आहेस ना, दादा?"

"हं."

"जेवलास?"

"हं."

मग फोन ठेवल्यावरचा नुसता सूर ऐकू यायचा. पुतण्या मागाहून सांगायचा, "काका, बाबा बोलतच नाहीत कुणाशी. खिडकीकडे पाठ करून भिंतीकडे बघत बसतात. दाढी छातीपर्यंत आलीय. इथल्या दुकानात नेलं तर दारातूनच परत फिरले. म्हणाले, हे लोक कात्री चमच्यासारखी धरतात."

धाकट्यांनीही सात महिन्यांत डोक्याला कात्री लावून घेतली नव्हती. केस कानावर आले, कान गेले. कॉलरवर आले, कॉलर गेली. दिव्याखाली अंधार असतो हे गल्लीला ठाऊक होतं, पण इतका दाट असतो हे नव्हतं.

शेवटी पुतण्या म्हणाला, "तुमचा चेहरा दिसला तर बोलतील कदाचित. मी तुम्हाला एक फोन पाठवतो. स्मार्टफोन. एकदम सोप्पा आहे, काका. दोन वर्षांच्या पोराला येतो."

धाकट्यांना तिथंच धास्ती बसली. दोन वर्षांच्या पोराला जे येतं ते आपल्याला नाही आलं तर तोंड कुठं लपवायचं? दुकानात तर अख्खी भिंत आरशाची.

फोन आला. धाकट्यांनी तो खोक्यातून काढला, सवयीनं एकदा झटकला आणि दाढीनंतर लावायच्या लोशननं पुसला. चार दिवस फोनला छान वास येत होता.

बायको म्हणाली, "बघू तरी."

"हात नको लावूस. नाजूक यंत्र आहे."

"मी काय घासणार आहे का त्याला?"

"शिकू दे आधी मला. मग तुला शिकवीन."

बायकोनं हातातला डबा ठेवला आणि पस्तीस वर्षांच्या संसारात कमावलेल्या शांतपणे म्हणाली, "शिका."

शिकायचं कुणाकडून याचा प्रश्न नव्हता. खुर्चीत बसलेला माणूस अर्धा तास पळून जाऊ शकत नाही. धाकट्यांनी ठरवलं, एकेका गिऱ्हाइकाकडून एकेक धडा घ्यायचा. अडचण एकच होती. गिऱ्हाइकाचे हात कापडाखाली, तोंडाला फेस, चष्मा धाकट्यांच्या खिशात. त्याला बोट दाखवता येत नाही, ओठ हलवता येत नाहीत आणि दिसत नाही. धाकट्यांच्या एका हातात वस्तरा, दुसऱ्या हाताला साबण. अशा परिस्थितीत विद्यादान चालू झालं.

पहिले आले गाडी शिकवणारे मास्तर. ते म्हणाले, "आधी ब्रेक. चालवता नाही आलं तरी चालेल, थांबवता आलं पाहिजे. बाजूचं बटण दाबून धरा."

धाकट्यांनी दाबून धरलं. फोन बंद झाला. पुढचा आठवडाभर त्यांना तेवढंच येत होतं आणि ते उत्तम येत होतं.

दातांचे डॉक्टर म्हणाले, "दाबायचं नाही, टेकवायचं. दुखतंय का असं विचारल्यासारखं." हे धाकट्यांना पटलं. पण बोटं ओली. फोन कधी ढिम्म हलायचा नाही, तर कधी एकाच स्पर्शात तीन दारं उघडायचा आणि त्यातल्या एकातून कुणीतरी बाई हवामान सांगायला लागायची.

मग एम.ए. तो वाङ्मयात एम.ए. झाला होता. लहानपणी फळीवर बसून याच खुर्चीत केस कापून घ्यायचा. आता धाकट्यांचा दोस्त होता. दाढी ठेवायची की काढायची हे त्याचं अजून ठरायचं होतं, त्यामुळे तो वरचेवर यायचा. धाकट्यांनी विचारलं, "ॲप म्हणजे काय रे?"

एम.ए. म्हणाला, "समजा, एक घर आहे. त्यात अनेक खोल्या आहेत. आता प्रत्येक खोलीचा म्हणून एक स्वभाव असतो..."

तो तिसऱ्या खोलीत पोचेपर्यंत त्याच्या मिशीची एक बाजू दुसरीपेक्षा आखूड झाली होती.

सगळे जाताना एकच वाक्य म्हणायचे. "सोपं आहे हो." धाकटे मान डोलवायचे. दाढीसुद्धा सोपीच असते, बघणाऱ्याला.

खरा धडा दिला तो निवृत्त हेडमास्तरांनी. त्यांनी तीन पिढ्या घोकंपट्टीवर वाढवल्या होत्या आणि त्यातली एक पिढी म्हणजे स्वतः धाकटे.

"बाकी सगळं सोड," हेडमास्तर फेसातून म्हणाले. "तुला भावाचा फोन घ्यायचाय. तेवढंच शीक. दाखव इकडे."

या दुकानात कुणाला काही दाखवायचं म्हणजे आरशात दाखवायचं. मानेमागचं काम तसंच दाखवतात. धाकट्यांनी फोन हेडमास्तरांच्या खांद्यावरून आरशासमोर धरला. बाकावर बसलेल्या गाडीच्या मास्तरांनी आपल्या फोनवरून तो वाजवला. काचेवर एक गोल आला आणि त्या गोलातून छोटे छोटे बाण एका बाजूला पळायला लागले.

हेडमास्तरांनी बिनचष्म्याचे डोळे बारीक केले.

"बाण पळतायत?"

"पळतायत, सर."

"ते पळतात तिकडे गोल न्यायचा. डावीकडे. म्हण."

"डावीकडे सरकवायचा."

"पुन्हा."

"डावीकडे सरकवायचा."

दहा वेळा म्हणून घेतलं. तोवर फोन वाजून वाजून थांबला. धाकट्यांची बोटं साबणात असल्यामुळे प्रत्यक्ष सरकवून कुणीच बघितलं नाही. हेडमास्तरांनी दाढी झाल्यावर चष्मा लावला, कागद मागितला आणि सुंदर अक्षरात लिहिलं, 'फोन आला की डावीकडे सरकवा.' कागद आरशाच्या कोपऱ्यात चिकटवला गेला.

पुतण्यानं ठरवून दिल्याप्रमाणे शनिवारी चार वाजता फोन वाजला. धाकट्यांनी बोटं टॉवेलला पुसली. काचेवर गोल आला. बाण आले. बाण उजवीकडे पळत होते.

धाकटे क्षणभर थांबले. पण बाण म्हणजे बाण आणि हेडमास्तर म्हणजे हेडमास्तर. त्यांनी गोल डावीकडे सरकवला. फोन गप्प झाला.

"दादा?" ते म्हणाले. "अरे दादा?"

पुढच्या शनिवारी तसंच. त्याच्या पुढच्या शनिवारीही तसंच. धाकटे आरशात बघून म्हणाले, "दादा लावतो आणि ठेवून देतो. माझा चेहरा दिसायच्या आत ठेवून देतो." आरशात त्यांना त्यांचाच चेहरा दिसत होता. त्यांना वाटलं, त्याचंही बरोबर आहे.

त्या दिवशी थोड्या वेळानं वायरीचा फोन वाजला. पुतण्या होता.

"काका, एक विचारू? रागावू नका. तुम्ही बाबांचा फोन का कापता?"

"मी?"

"तीनदा कापलात. बाबा म्हणतात, धाकट्याला माझं तोंड बघायचं नसेल तर तसं सांग म्हणावं. ते काही बोलत नव्हतेच, पण आता जेवायलाही उठवावं लागतं. मी फार मागे लागलो तेव्हा म्हणाले, पुढच्या शनिवारी एकदा लावतो. मग नाही."

धाकट्यांनी चाळीस वर्षं कापायचाच धंदा केला होता. पण माणूस कापल्याचं पहिल्यांदाच ऐकत होते.

त्या रविवारी दुकान बंद केल्यावर त्यांनी फोन घरी आणला. टेबलावर ठेवला आणि आजारी माणसाजवळ बसावं तसे त्याच्याजवळ बसले. तो नेहमीसारखाच छान वास देत पडला होता. थोड्या वेळानं ते आंघोळीला गेले. बाहेर आले तर खोलीत दोन बायकांचं हसणं. एक त्यांची बायको. दुसरी फोनमध्ये. मेहुणी.

"हे तू कुठं शिकलीस?" टॉवेलनं केस पुसत धाकटे म्हणाले.

"शिकायचं काय त्यात? दाबून बघितलं."

"आणि बिघडला असता म्हणजे?"

"म्हणजे परत दाबलं नसतं."

"शिकवलं कुणी?"

"कुणीच नाही. म्हणून तर आलं."

फोनमधून मेहुणी म्हणाली, "भाऊजी, केस कापा की हो. मला वाटलं ताईच्या मागं खांबाला झाडू उभा केलाय."

इथं दाबायला मान नव्हती. धाकटे बाजूला झाले. मग पडलेल्या आवाजात म्हणाले, "अगं, हा आलेला फोन तेवढा घेता येत नाहीये मला. दादाचा तीनदा गेला."

बायकोचं हसू मावळलं. तिनं बहिणीला सांगितलं, "ठेव आणि पुन्हा लाव."

फोन वाजला. धाकटे ताठ उभे राहिले, मोठ्यानं म्हणाले, "डावीकडे सरकवायचा," आणि सरकवला. फोन गप्प. पुन्हा वाजला. पुन्हा गप्प. तिसऱ्यांदा बायकोनं त्यांचा हात धरला.

"अहो, बाण इकडे पळतायत आणि तुम्ही तिकडे काय नेताय?"

"सरांनी सांगितलंय."

"सरांनी बघितलं होतं?"

"बघितलं की. मी स्वतः दाखवलं."

"कसं दाखवलंत?"

"आरशात."

खोलीत फोन वाजत राहिला. धाकटे त्याला घेऊन कपाटाच्या आरशासमोर गेले. आरशातले बाण डावीकडे पळत होते. हातातले उजवीकडे. ते कितीतरी वेळ एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिले. चाळीस वर्षं ज्याच्यापुढे उभे राहिलो त्यानं असं करावं, हे त्यांना लागलं.

सोमवारी हेडमास्तरांना हे कळलं. त्यांनी कागद आरशावरून काढला नाही. चष्मा पुसत म्हणाले, "नियम बरोबर होता. फळा उलटा होता."

शनिवार उजाडला. बायको डबा घेऊन आली ती परत गेली नाही. "तुमचा भरवसा नाही," म्हणाली आणि बाकावर बसली. पावणेचारला एम.ए. आला. या खेपेला दाढी काढायची असं त्याचं ठरलं होतं. धाकट्यांनी फेस लावला, डावा गाल काढला आणि चार वाजले.

फोन वाजला. धाकट्यांनी बोटं पुसली. बायको उभी राहिली. एम.ए.नं फेसात श्वास धरला. गोल उजवीकडे सरकला.

आणि काचेत एक म्हातारा आला.

धाकट्यांना आधी वाटलं, चुकून दुसरीकडे लागला. पांढरी दाढी छातीवर होती म्हणून नाही. ती त्यांना ऐकून ठाऊक होती. पण भांग भलत्याच बाजूला होता. तीळ दुसऱ्याच गालावर होता. एक डोळा बारीक होता तोसुद्धा उलट्या बाजूचा. चाळीस वर्षं आरशात बघितलेला माणूस हा नव्हता. दोघे एकमेकांच्या समोर कधी उभेच राहिले नव्हते. जेवायला बसले तेही शेजारी शेजारी.

म्हातारासुद्धा असाच टवकारून बघत होता.

"भांग का बदललास?" तो म्हणाला. आवाज थोरल्यांचा होता.

"मी कुठं बदललाय? तूच बदललायस."

"मी नाही."

"बरं."

"बरं."

समोरासमोर बघून बोलायचं कसं हेच दोघांना माहीत नव्हतं. धाकट्यांनी खाली बघितलं. थोरल्यांनीही खाली बघितलं. सात तासांच्या अंतरावर दोन भाऊ आपापल्या पायांकडे बघत राहिले.

"जेवलास?" धाकटे म्हणाले.

"हं."

हा 'हं' धाकट्यांच्या ओळखीचा होता. याच्यानंतर नुसता सूर यायचा. थोरल्यांचं बोट वर आलं. ते थरथरत काचेकडे यायला लागलं, बंद करायला. धाकट्यांना काय करावं कळेना. ज्या माणसाला काही कळत नाही तो हातातलं काम करतो. त्यांनी वस्तरा उचलला.

"अहो, साबण लागेल त्याला!" बायकोनं फोन त्यांच्या हातातून काढून घेतला. ठेवायला जागा बघितली. जागा एकच रिकामी होती. सात महिने तिच्यावर कुणी बसलं नव्हतं. तिनं थोरल्यांच्या खुर्चीच्या डोकं टेकायच्या उशीवर फोन उभा केला आणि कापड अडकवायच्या चिमट्यानं पक्का केला. फोनचं तोंड आपोआप आरशाकडे झालं.

धाकट्यांनी एम.ए.चा उजवा गाल ताणला, वस्तरा टेकवला आणि सवयीनं आरशात वर बघितलं.

शेजारच्या खुर्चीपाशी, नेहमीच्या उंचीवर, दादा होता. लहान दिसत होता, पण भांग जागेवर होता. तीळ जागेवर होता.

थोरल्यांचं बोट काचेच्या अलीकडेच थांबलं होतं. त्यांच्या डोळ्यांपुढून छत गेलं, पंखा गेला, धाकट्याच्या बायकोचा पदर गेला आणि मग लांबच्या लांब आरसा आला. आरशात दुकान होतं. दुकानात धाकटा होता. खुर्चीमागे, वस्तरा धरून.

"त्याचा डावा कल्ला खाली आलाय," थोरले म्हणाले.

सात महिन्यांत धाकट्यांनी त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं लांब वाक्य. धाकट्यांनी बघितलं. खरंच केसभर खाली होता.

"करतो सारखा."

"तुरटी आहे?"

"आहे."

"नमस्कार, थोरले," एम.ए. म्हणाला.

"बोलू नकोस. फेस खाशील."

पण एम.ए.ला राहवलं नाही. "नाही, मी म्हणत होतो, माणूस शेवटी प्रतिमेशीच बोलत असतो. म्हणजे प्रत्यक्ष आणि प्रतिबिंब यांच्यामधलं जे..."

आरशात, चिमट्यात धरलेल्या त्या इवल्याशा चेहऱ्यावर, डावी भुवई किंचित वर गेली.

धाकट्यांनी वस्तरा बाजूला घेतला आणि खोकले. खोकला बराच वेळ थांबेना. एम.ए. म्हणाला, "सर्दी झालीय का?"

"झालीय," बायको म्हणाली. तिनं पदरानं डोळे पुसले. तिलाही झाली असावी.

"आणि हे काय?" थोरल्यांचा आवाज चढला. "डोकं आहे का झुडूप?"

धाकट्यांचा हात नकळत एम.ए.च्या मानेवर गेला आणि ती खाली दाबली गेली. उपयोग नव्हता. विचारणाऱ्याची मान दुसऱ्या देशात होती.

"वेळ नाही मिळाला."

"सात महिने?"

"तुझी दाढी बघ आधी."

"माझी राहू दे. बस."

"कुठं?"

"तुझ्या खुर्चीत. त्याला उठव."

"त्याचा एक गाल राहिलाय, दादा."

"गाल कुठं पळत नाही. बस म्हणतोय ना."

एम.ए. उजव्या गालावरच्या फेसासकट उठला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. एवढं शिकूनही अशा वेळी काय म्हणतात हे त्याला येत नव्हतं. धाकटे आपल्याच खुर्चीत बसले. स्वतःला कापड गुंडाळून घेताना त्यांना कसंतरीच झालं.

"कात्री कोण धरणार?" ते म्हणाले.

"ती आहे ना."

"मी?" बायको म्हणाली. पस्तीस वर्षं तिनं दारात डबा ठेवला होता. कात्रीला हात लावायची पाळी आली नव्हती. आणली नव्हती.

"ब्लाउज बेततेस ना? हात थरथरतो तुझा?"

"नाही."

"मग माझ्याहून बरी आहेस."

हाताबद्दल थोरले पहिल्यांदाच बोलले होते.

बायकोनं कात्री उचलली आणि सरळ केसांना भिडवली.

"थांब!" दोन्ही भाऊ एकदम ओरडले.

"काय झालं?"

"आधी हवेत वाजव," थोरले म्हणाले. "तीनदा."

"ते कशासाठी?"

दोघांनाही सांगता आलं नाही. कधी कुणी विचारलंच नव्हतं. तिनं मुकाट्यानं तीनदा वाजवली.

"आता दोन बोटांत केस धर. बोटांबाहेर आलंय तेवढंच काप. डावीकडून सुरू कर."

"कुठली डावी?" बायको म्हणाली. तिनं एकदा कोपऱ्यातल्या कागदाकडे बघितलं.

"आरशातली," थोरले म्हणाले. "दुसरी असते का?"

केस पडायला लागले. थोरल्यांनी तिकडे हात वर धरला होता, दोन बोटांची कात्री करून. ती बोटं हवेत थरथरत होती आणि इकडे खरी कात्री स्थिर चालत होती. "कंगवा आडवा. आडवा म्हटलं मी. हां. कानामागे जपून, तिथं त्याला लहानपणी लागलंय. झाडाखाली. मी ढकललं होतं."

"तू ढकललं होतंस?" धाकटे ताडकन म्हणाले. "आईला तर मी पडलो म्हणून सांगितलंस!"

"मान हलवू नकोस."

"पंचावन्न वर्षं मी तेच धरून चाललोय!"

"खाली बघ जरा. मागचं काढतेय ती."

धाकट्यांची मान खाली गेली आणि ते पुढचं बोलू शकले नाहीत. ही युक्ती आपण कुणाकडून उचलली ते त्यांना तेव्हा आठवलं.

डावी बाजू झाली. कान बाहेर आला. सात महिन्यांनी बाहेर आल्यामुळे तो जरा गोरा दिसत होता. मागचंही निम्मं झालं. बायको उजव्या बाजूला वळली तसे थोरले म्हणाले, "बास."

"बास काय, दादा? अर्धंच झालंय."

"दिसतंय मला. इथं जेवायला हाक मारतायत."

"मग जेवून लाव."

"जेवून मी झोपतो. उरलेलं उद्या. चार वाजता."

"उद्या रविवार. गिऱ्हाइकं असतात."

"मग? रविवारी मी नव्हतो का दुकानात?" थोरले म्हणाले. मग भुवई वर गेली. "आणि कुणी हात लावायचा नाही मी नसताना."

चेहरा गेला. खुर्चीवर नुसती काळी काच राहिली. धाकटे तिच्याकडे आरशातून बघत बसले.

बायकोनं कात्री हवेत तीनदा वाजवली. तिला ते आवडलेलं दिसत होतं. "बसा तसेच. दोन मिनिटांत उजवीकडचं करून टाकते. सोपं आहे."

धाकट्यांनी उठून तिच्या हातातली कात्री घेतली. पुसली. पेटीत ठेवली आणि पेटीचं झाकण लावलं.

"अहो, असे घरी येणार?"

"येईन."

"लोक काय म्हणतील?"

"कापड झटक."

भिंतीजवळून एम.ए.नं विचारलं, "आणि माझा गाल?" फेस वाळून त्याचा पापुद्रा झाला होता. त्याचा गाल मात्र धाकट्यांनी पुरा केला. तुरटी लावली, कल्ला सारखा केला, चष्मा खिशातून काढून परत दिला.

सहा वाजता दुकान बंद करून ते गल्लीत उतरले. कोपऱ्यावर हेडमास्तर भेटले. त्यांनी आधी नुसतं बघितलं, मग चष्मा काढून पुसला, मग पुन्हा बघितलं.

"अरे, हे काय? तुझी उजवी बाजू राहिलीय." ते थांबले. त्यांना काहीतरी आठवलं. "का डावी?"

"उद्या आहे ती, सर," धाकटे म्हणाले. कानावर आलेले केस त्यांनी कानामागे सरकवले आणि चालू लागले.